मुली शानी? कॉपरबेल्टवरची रोजची बेंबा

चिंगोलाकर

शीर्षक वाचून आत आलेल्यांची निराशा होणार, हे आधीच सांगून टाकतो. मुलींचा काही संबंध नाही. 'मुली शानी?' म्हणजे बेंबा या झांबियातल्या भाषेत 'कसे आहात?' उत्तर: 'ब्विनो', म्हणजे बरं आहे. इथे नव्याने येणारा प्रत्येक मराठी माणूस पहिल्या आठवड्यात यावर एक विनोद करतो. तो इथल्या जुन्या मराठी लोकांनी शंभरदा ऐकलेला असतो, तरी सगळे हसतात.

मी झांबियाच्या कॉपरबेल्ट प्रांतात खाणीवर नोकरीला आहे. देशाची सरकारी भाषा इंग्रजी. रेडिओवर सात स्थानिक भाषा चालतात, पण किट्वे, न्डोला, मुफुलिरा, चिंगोला या पट्ट्यात रस्त्यावर चालते ती बेंबा. २०१० च्या जनगणनेत देशातल्या साधारण एक तृतीयांश लोकांनी हीच आपली मुख्य बोलीभाषा सांगितली होती. भाषेचं माहेर इथून लांब, उत्तरेला कासामाच्या बाजूला आहे. तिथे बेंबांचा सर्वोच्च राजा चितिमुकुलु असतो आणि राजघराणं मगरीच्या कुळाचं.

व्याकरणाची पुस्तकं मिळतात, शब्दकोशही आहेत. पण पाठ केलेलं वाक्य बाजारात बोललं की लोक कौतुकाने हसतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. माझ्या मते याचं कारण चिल्लर शब्द. मोठे शब्द कुणीही पाठ करेल, खरी बोली चालते ती 'मुकवाई', 'म्वांदी', 'कांशी', 'नाइम्वे' असल्या एवढ्या-तेवढ्या शब्दांवर.

'मुकवाई' सगळ्यात आधी. जी, साहेब, बाई, कृपया, हो ना, असं सगळं त्यात येतं. नुसतं 'ए' म्हणजे हो. 'ए मुकवाई' म्हणजे होय जी. नकारही 'आवे मुकवाई' म्हणून दिला की कुणाला लागत नाही.

'म्वांदी' म्हणजे आपलं 'बरं का' आणि 'बाबा रे' यांच्या मधलं काहीतरी. 'कांशी' म्हणजे 'अच्छा, म्हणजे असं आहे होय!' 'कांशी नी इवे?' म्हणजे 'अरे, तूच होय!' आणि 'नाइम्वे!' शब्दशः 'तुम्हीसुद्धा', पण म्हणायची पद्धत थेट आपली: 'तुम्ही पण ना!' भाव कमी करायला सांगितलं की टोमॅटोवाली मावशी मान वाकडी करून हेच म्हणते.

बाकी मंडळींनी भर घालावी. राजधानी लुसाकातले कुणी असतील तर त्यांनीही.

नाशिककरीण

मस्त धागा. 'आवे' म्हणजे नाही ना? मग माझ्या नवऱ्याची झांबियन सहकारी प्रत्येक वाक्य 'आवे'ने का सुरू करते? जेवण आवडलं का विचारलं, तर 'आवे, इट इज नाइस'.

चिंगोलाकर

तो नकार नाहीच. ती बोलण्याची सुरुवात आहे. पुण्यात नाही का, 'चहा कसा झालाय?' विचारलं की 'नाही, चांगलाच झालाय' म्हणतात. तंतोतंत तेच. ठाम नकार द्यायचा असेल तर 'इयो' म्हणतात, तेही लांबवून, 'इयोऽऽ'. तो ऐकला की पुढे आग्रह करू नये.

अर्धवट_भाषाभ्यासक

अभिवादनांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. मी किट्वेत काही वर्षं शिकवायला होतो.

बेंबात 'नमस्कार' असा सब घोडे बारा टक्के शब्द नाही. समोरच्याने आत्ता काय केलंय ते त्यालाच सांगायचं, हेच अभिवादन. सकाळी 'म्वाशिबुकेनी', म्हणजे उठलात! दारात पाहुणा आला की 'म्वाइसेनी', आलात! शेतात किंवा रस्त्याच्या कडेला कुणी राबत असेल तर त्याच्या शेजारून मुकाट्याने जायचं नसतं. 'म्वाबोम्बेनी मुकवाई' म्हणायचं, म्हणजे काम केलंत! आणि ज्याच्या घरी मयत झालंय त्याला 'म्वाचुलेनी', सोसलंत.

माझ्या घरासमोर नळाच्या पाइपसाठी खड्डा खणत होते. दोन म्हाताऱ्या चर्चला निघाल्या होत्या. त्या थांबल्या, किंचित गुडघे वाकवले, हातावर हात दोनदा हलकेच वाजवले आणि 'म्वाबोम्बेनी' म्हणाल्या. खड्ड्यातले चौघेही फावडी टेकवून उभे राहिले आणि त्यांनी उत्तर दिलं. मग म्हाताऱ्या पुढे. या सगळ्यात कुणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांना विचारलं तर म्हणाले, यात विशेष काय, न बोलता गेल्या असत्या तर विशेष.

निरोपालाही दोन बाजू आहेत. निघणारा 'शालेनिपो' म्हणतो, म्हणजे सुखाने राहा. मागे राहणारा 'एंदेनी ब्विनो', नीट जा. दोघांनी एकच शब्द वापरला की लगेच कळतं, हा बाहेरचा.

खडूस

हे सगळं छान आहे. पण धाग्याचं नाव 'रोजची बेंबा' आणि अभिवादनं सगळी गावाकडची. मी न्डोलात होतो. तिथली पोरं 'शानी मुने' म्हणतात आणि संपलं. अर्धं वाक्य इंग्रजी, पाव बेंबा, उरलेलं काय ते देव जाणे. भाषेची पार वाट लागली आहे. कासामाचे म्हातारे तर सरळ म्हणतात की कॉपरबेल्टवरची बेंबा ही बेंबाच नाही.

अर्धवट_भाषाभ्यासक

खडूसराव, कासामाचे म्हातारे तसं म्हणणारच. सदाशिव पेठ मुंबईच्या मराठीबद्दल काय म्हणते?

थोडा इतिहास बघा. कॉपरबेल्ट ही मुळात लांबा लोकांची भूमी. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून लुआन्श्या, न्काना, मुफुलिरा इथे मोठ्या खाणी निघाल्या आणि उत्तरेकडून मजूर आले. त्यांत बेंबाभाषक भरपूर, पण बिसा, लुंडा, न्यासालँडवाले (म्हणजे आजच्या मलावीचे) असे इतरही खूप. एका चाळीत एवढे सगळे लोक राहिल्यावर तयार झाली ती टाऊन बेंबा. गोरे मुकादम मात्र मजुरांशी 'चिलापालापा' बोलायचे. ती दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून आलेली हुकूम सोडायची खिचडी भाषा. मजुरांना तिचा मनस्वी तिटकारा, कारण तिच्यात फक्त 'हे उचल, ते आण' एवढंच बोलता येई. त्या जागी लोकांनी आपसात बोलायला जी भाषा उभी केली तिला वाट लागलेली म्हणणं मला पटत नाही.

खडूस

पटू नका. 'अमाफोनी' हा शब्द मला बोचतो तो बोचतोच. फोनचं अनेकवचन!

चिंगोलाकर

आणि आपण 'बसेस' आणि 'फायली' म्हणतो ते?

'मुने'बद्दल: मित्रा, भावा, दोस्ता. दुसरा शब्द 'बोई', तोही तसाच. बाप्यांसाठी 'मुदाला', म्हणजे म्हातारा, पण प्रेमाने. वडील, साहेब, टॅक्सीवाला काका, सगळे 'बा मुदाला'. हा 'बा' फार कामाचा. नावाआधी लावला की माणूस आदरार्थी बहुवचनात जातो. बा म्वान्सा, बा मुलेंगा. क्रियापदही मग बहुवचनी. आपण 'बाबा आले' पण 'आई आली' म्हणतो. बेंबात आईलाही बहुवचन: 'बा मायो बालेइसा', आई येताहेत.

सुमनताई

हे आवडलं. आमच्या लहानपणी कोकणात आजीला सगळे 'तुम्ही' म्हणत. आता नातवंडं अगंतुगं करतात. त्यांच्याकडे तरुण पोरं अजून पाळतात का हे?

चिंगोलाकर

शहरातही पाळतात. 'इवे' म्हणजे 'तू' किंवा 'ए'. वयाने मोठ्या माणसाला 'इवे' म्हटलं की भांडणाला तोंड फुटलंच. आमच्याकडे एका नव्या पोराने फोरमनला रागाच्या भरात 'इवे' म्हटलं. फोरमनने आवाज चढवला नाही. आजूबाजूच्या सगळ्यांना 'म्वे बांतु!' म्हणून साक्षीला घेतलं, म्हणजे 'अहो लोकहो, बघा!' पोरगं जागेवर वरमलं.

लग्न होऊन मूल झालं की आईबापांचं नावच बदलतं. पहिलं मूल चांदा असेल तर आई 'बाना चांदा', बाप 'बाशी चांदा'. आपल्या 'गण्याच्या आई'सारखंच, फक्त तिथे हे मानाचं. शेजारीपाजारी मूळ नाव घेत नाहीत. चांदा हे नाव मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं आणि आमच्यातल्या चंद्रपूरच्या एका गड्याला त्याचा फार अभिमान आहे.

धनुर्धर

नात्याच्या शब्दांनी माझा कायमचा गोंधळ झालेला आहे. 'मामा' म्हणजे आजी. 'ताता' म्हणजे वडील. आणि आपला मामा म्हणजे 'यामा'! 'बा यामा आले' म्हणून सांगितलं की आमच्या हिला धडकी भरायची.

अर्धवट_भाषाभ्यासक

धडकी उगाच नाही. बेंबांमध्ये कूळ आईकडून चालतं. राजपदसुद्धा मुलाकडे न जाता भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जातं. त्यामुळे यामाचा शब्द घरात वजनदार. लग्नाची बोलणी असोत की भाच्याची शाळा, यामाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. बाजारात अनोळखी माणसालाही 'बा यामा' म्हणून हाक मारतात ती त्याला मोठेपणा द्यायला, अर्थात काहीतरी विकायचं असतं म्हणून.

गोंयकार

एक शब्द मी घालतो. बूट म्हणजे बेंबात 'इन्सापातो'. पोर्तुगीजमध्ये बूट म्हणजे सापातु. झांबियाच्या एका बाजूला अंगोला आणि दुसऱ्या बाजूला मोझांबिक, दोन्हीकडे पोर्तुगीज होते. आता जुन्या मराठीतल्या 'सपाता' आठवा. आजोबांच्या पायातल्या सपाता आणि चिंगोल्यातले इन्सापातो एकाच दुकानातले!

चिंगोलाकर

वा! हे मला सुचलं नव्हतं. याला जोड देतो. पैशाला बेंबात एक शब्द 'इंदालामा' आणि दुसरा 'उलुपिया', अनेकवचन 'इम्पिया'. तो आपला रुपया आहे, स्वाहिलीतून चालत आलेला. बेंबात र नाही, म्हणून ल. माझ्या राजेंद्रचं इथे 'लाजेंदा' झालंय. लाज सोडली आणि नाव स्वीकारलं.

नाशिककरीण

बाजारात काय बोलायचं ते सांगा ना. पुढच्या वर्षी येणं होईल असं दिसतंय.

चिंगोलाकर

बाजाराचं सांगतो, तिथे खरी मजा.

किट्वेचा चिसोकोने बाजार घ्या. टोमॅटो, कांदे किलोवर कमी, ढिगावर जास्त. चार खाली, एक वर असे मनोरे रचलेले असतात. आधी अभिवादन. थेट भाव विचारणं म्हणजे उद्धटपणा. 'मुली शानी मायो?' मग 'शिंगा?' म्हणजे कितीला. भाव ऐकून तोंड वाकडं करायचं, तिने 'नाइम्वे!' म्हणायचं. घासाघीस थोडीच होते, कारण खरा व्यवहार पुढेच असतो. पैसे हातात ठेवता ठेवता म्हणायचं: 'म्पेनिको म्बासेला.' म्बासेला म्हणजे वरची भर, आपण मंडईत 'वर दोन मिरच्या टाका हो' म्हणतो ती. ती न मागणारा गिऱ्हाईक विक्रेत्यालाही जरा विचित्र वाटतो. मावशी पोतं उचकटून त्यातला एक बारका, थोडा दबलेला टोमॅटो काढते, दोन्ही हातांनी देते आणि तुम्ही 'नातोतेला' म्हणता. आभार.

त्या 'म्पेनिको'तला शेवटचा 'को' लक्षात ठेवा. 'म्पेनी' म्हणजे द्या. 'को' लावला की 'द्या ना थोडं'. 'म्पेनिको अमेन्शी', जरा पाणी देता का. 'न्जाफ्वेनिको', जरा मदत करा ना. या एका अक्षराने हुकमाची विनंती होते. आपल्या 'ना' आणि 'की'चं काम.

शेजारी जुन्या कपड्यांचे ढीग असतात, त्यांना 'सालाउला' म्हणतात. युरोप-अमेरिकेतून गठ्ठे येतात. ढिगात हात घालून उलटंपालटं करत निवडणं म्हणजे 'उकुसालाउला', त्यावरून मालाचंच नाव पडलं. साहेब लोकही तिथलेच शर्ट घालतात, फक्त सांगत नाहीत. आणि रस्त्याकडेच्या टपरीला 'कांतेंबा'. टपरी एकच असेल तर 'कांतेंबा', अनेक असल्या की 'तुंतेंबा'. 'का' आणि 'तु' लावून लहान करायचं, 'चि' लावून मोठं, बेढब करायचं. आपण नाही का गाडी आणि गाडा करतो?

धनुर्धर

'चिलिम्बा' राहिली! आपली भिशी. पगार झाला की ठरलेले तिघे-चौघे आपला वाटा एकाच्या हातात ठेवतात, पुढल्या महिन्यात दुसऱ्याच्या. आमच्या ऑफिसातले ड्रायव्हर, आचारी, पहारेकरी सगळे त्यात. आणि ज्याला चिलिम्बा पुरत नाही तो 'कालोबा' घेतो, म्हणजे सावकारी कर्ज. व्याज ऐकून आपले सावकार संत वाटतील.

लुसाकावासी

उशिरा आलो. लुसाकात न्यांजा चालते, तरी बेंबा कानावर पडतेच, विशेषतः निवडणुकीत. राजकारणातल्या घोषणा हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२०११ ची निवडणूक. सत्तेत रुपिया बांदा, समोर मायकेल साटा. साटांच्या पक्षाचं चिन्ह होडी. तेव्हा एक घोषणा आली: 'डोंची कुबेबा'. 'डोंची' म्हणजे इंग्रजी डोन्ट, 'कुबेबा' म्हणजे त्यांना सांगणं. एकत्र: 'त्यांना सांगू नका'. सत्ताधारी पक्ष साखर देईल, कापड देईल, टी-शर्ट देईल. सगळं घ्या, खा, अंगात घाला, त्यांच्या सभेला जाऊन नाचा. मत कुणाला देणार ते मात्र सांगू नका. त्यावर गाणंही निघालं आणि बसमध्ये, बारमध्ये, लग्नात सगळीकडे वाजलं. लोक तोंडावर बोट ठेवून एकमेकांकडे बघून हसायचे. साटा जिंकले.

खडूसराव ज्या खिचडीला नावं ठेवताहेत त्याच खिचडीत ही घोषणा आहे. शुद्ध बेंबात सांगितली असती तर अर्ध्या लुसाकाला कळलीही नसती.

खडूस

घोषणा चांगली आहे, मान्य. आपल्याकडेही पाकीट घेणारे कमी नाहीत, फक्त गाणं कुणी केलं नाही. पण २०२१ मध्ये काय?

लुसाकावासी

२०२१ मध्ये सत्ताधारी लुंगूंची घोषणा बेंबातली होती, 'आलेब्वेलेलापो', म्हणजे ते परत येताहेत. समोर हिचिलेमा. पोरांनी त्यांना 'बॅली' केलं. बॅली म्हणजे बाप, आपल्या 'पप्पां'च्या चालीवरचा शहरी शब्द. 'बॅली विल फिक्स इट', बाप सगळं ठीक करेल. जिंकला बाप. आता काही महाग झालं की तेच लोक 'बॅली, कधी फिक्स करणार?' म्हणतात.

नाशिककरीण

राजकारण नको, धागा भरकटेल. शिव्या सांगा.

चिंगोलाकर

सौम्यच सांगतो. 'चिपुबा' म्हणजे मूर्ख. मित्रांत चालतो, इतरत्र महागात पडतो. 'वापेना?' म्हणजे डोकं फिरलं का? 'बुफी!' म्हणजे थाप! त्याला उत्तर 'चिने चिने', खरंच सांगतोय. आणि 'लेका'! आपण मित्राला म्हणतो, इथे 'लेका' म्हणजे 'थांबव ते'. एक सांगलीकर आणि एक मेकॅनिक पंधरा मिनिटं एकमेकांना 'लेका लेका' म्हणत होते. दोघांपैकी एकाला राग येत होता.

धनुर्धर

आणि 'माइलो' सांगा. 'माइलो' म्हणजे उद्याही आणि कालही. क्रियापदावरून ओळखायचं. पण गवंडी नुसतंच 'माइलो, मुकवाई' म्हणाला की काय ओळखणार?

अर्धवट_भाषाभ्यासक

मराठी माणसाने यावर तक्रार करू नये. आपला 'परवा' दोन्हीकडे जातो.

धनुर्धर

परवा ठीक आहे. पण काम उद्याचं आहे हो.

सुमनताई

म्हणींबद्दल कुणीच बोललं नाही. असतीलच ना?

अर्धवट_भाषाभ्यासक

ढिगाने. रोज कानावर पडणाऱ्या दोन-तीनच देतो. 'इमिती इकुला ए म्पांगा': वाढणारी रोपं हेच जंगल. पोरांचं कौतुक करताना, शाळेच्या कार्यक्रमात हमखास. 'उम्वाना आशेंदा अताशा न्यिना उकुनाया': जे पोर हिंडत नाही ते आईच्याच स्वयंपाकाची तारीफ करतं. मी ही वर्गात म्हटली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, तुमची आई काय बनवते?' 'उमुलांदु ताउबोला': खटला कुजत नाही. म्हणजे जुनं प्रकरण कधीही वर येऊ शकतं. ही भाऊबंदकीत फार चालते. आणि मिनीबसच्या मागच्या काचेवर वाचाल ती 'अपातेबेता लेसा तापाफुका चुशी', देव रांधतो तिथे धूर निघत नाही. त्या बसच्या सायलेन्सरमधून मात्र निघतो.

सुमनताई

छान. आता माझं काम. पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर दोन झांबियन विद्यार्थी भाड्याने राहतात. जिन्यात भेटतात, मान खाली घालून 'गुड मॉर्निंग आंटी' म्हणतात. त्यांना त्यांच्या भाषेत काय म्हणू?

लुसाकावासी

आधी गाव विचारा. लुसाकाचे किंवा पूर्वेकडचे असतील तर न्यांजा, 'मुली ब्वान्जी'. बेंबा आणि पूर्वेकडचे लोक एकमेकांची थट्टा करण्यात पटाईत आहेत. बेंबा त्यांना उंदीर खाणारे म्हणतात, ते बेंबांना माकड खाणारे. मयताच्या घरीही ही थट्टा चालते आणि कुणी रागावत नाही. पण त्यात तिसऱ्याने पडू नये.

सुमनताई

विचारलं. एक मुफुलिराचा, एक पूर्वेकडच्या चिपाटाचा. दोघे एकाच खोलीत राहतात म्हणजे थट्टा चालत असणारच.

चिंगोलाकर

मुफुलिरावाल्याला सकाळी 'म्वाशिबुकेनी' म्हणा, संध्याकाळी 'चुंगुलोपो'. तो वयाने लहान असला तरी हे आदरार्थी 'म्वा' वापरलेलं चालतं, उलट शोभतं. चिपाटावाल्याला 'मुली ब्वान्जी'. आणि दोघांना एकत्र जेवायला बोलावलंत तर भाताऐवजी ज्वारीची भाकरी करा. तिकडे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीला बेंबात 'उब्वाली' म्हणतात, ती हाताने तोडून भाजीबरोबर खातात, त्यामुळे भाकरी-पिठलं त्यांना लगेच जमतं. पोट भरलं की 'निन्जिकुता' म्हणतील. तरी एकदा आग्रह करा.

नाशिककरीण

आग्रहाला 'इयोऽऽ' म्हणाले तर?

चिंगोलाकर

तर वाढू नका.